वाळूत कोण रुतत नाही?

पाठ १७ · वाचन, पातळी ४

आधी हे करा

समुद्रावर किंवा वाळवंटात गेलात की कोरड्या वाळूत आधी अंगठा दाबा. मग तेवढ्याच जोराने सगळा पंजा दाबा. अंगठा पटकन आत जातो, पंजा मात्र वरच राहतो. हात तोच, जोर तोच. मग फरक कशामुळे पडला? उत्तर वहीत एका वाक्यात लिहून ठेवा. पाठ वाचून झाला की ते पुन्हा बघायचं आहे.

या पाठात चार क्रियापदं सारखी येतील. चाक वाळूत रुततं, पाय चिखलात रुततो. म्हणजे आत जातो आणि सहज बाहेर निघत नाही. ओल्या फरशीवर पाय घसरतो. गाडी एका बाजूला तिरकी होऊन पडायला लागली की कलंडते. आणि चाकं वर, छप्पर खाली अशी झाली की ती उलटली. चौघांमधला फरक लक्षात ठेवा. वाळवंटात गाडी चालवणाऱ्यांची या चौघांशी रोजची ओळख असते.

वाचन

दुबईहून हत्ताला जाणाऱ्या रस्त्यावर, शारजाच्या हद्दीत, बदायर नावाची जागा लागते. तिथली वाळू लालसर आहे. तिच्या कणांवर लोहाचा पातळ थर आहे, गंजच म्हणा ना. तिथल्या सगळ्यात मोठ्या टेकडीला सगळे ‘बिग रेड’ म्हणतात. तुम्ही यूएईत राहत असाल, तर थंडीच्या दिवसांत एखाद्या शनिवारी तिथे गेलाही असाल. लंडनला किंवा न्यू जर्सीला राहत असाल, तर नकाशा उघडा आणि दुबईपासून हत्ताच्या दिशेने बोट सरकवत जा.

तिथे पोचल्यावर अनुभवी लोक लगेच वाळूत शिरत नाहीत. आधी गाडीतून उतरतात, चाकापाशी उकिडवे बसतात आणि टायरमधली हवा सोडायला लागतात.

“बाबा, टायर चांगले फुगलेत की! हवा कशाला काढताय?”

“अगं, आत वाळूत जायचंय ना. असे टणक टायर लगेच रुततील. जरा बसलेले बरे.”

“आणि मग परत येताना?”

“डांबरी रस्त्याला लागलो की पंपावर भरून घ्यायची.”

(जाता जाता: मराठीत माणसाचीही हवा काढतात. एखादा फार फुशारक्या मारत असेल आणि कोणी त्याला एका वाक्यात गप्प केलं, तर म्हणतात, “त्याची हवाच काढून घेतली.”)

रस्त्यावर मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. पीएसआय म्हणजे एका चौरस इंचावर किती पौंड दाब पडतो याचं माप. वाळूत जाताना हा दाब १२ ते १५पर्यंत खाली आणतात. मग टायर बसतो, लांब आणि रुंद पसरतो. गाडीचं वजन काही कमी होत नाही, पण ते जास्त जागेवर वाटलं जातं. म्हणजे अंगठ्याचा पंजा होतो.

ही युक्ती माणसाने शोधण्याच्या कितीतरी आधी उंटाकडे होती. उंटाचं पाऊल जवळून पाहा. घोड्यासारखा टणक खूर नाही. दोन बोटं आणि खाली रुंद, मऊ गादी. पाय टेकला की ती गादी पसरते. म्हणूनच अरबस्तानात शेकडो वर्षं ओझं उंटाच्या पाठीवरून जात होतं. रिचर्ड बुलिएट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने १९७५ साली यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की मध्यपूर्वेत चाकाच्या गाड्या आधी होत्या, पण पुढे त्या जवळजवळ नाहीशा झाल्या, कारण उंट स्वस्त पडत होता. उंटाला रस्ता बांधावा लागत नाही, गाडीसाठी लाकूड लागत नाही. आपल्याला शाळेत शिकवतात की चाक हा फार मोठा शोध. आणि इथे तर लोकांनी चाक वापरून पाहिलं, हिशेब केला आणि बाजूला ठेवलं! मला ही गोष्ट फार आवडते.

पुढे इंजिन आलं आणि चाक वाळवंटात परत आलं. पण वाळू तीच होती.

दोन चाकांवर

सायकल चालवताना वाळूचा एखादा पट्टा आडवा आला की काय होतं, ते तुम्हाला माहीत असेल. पुढचं चाक रुततं, हँडल आपोआप वळतं आणि तुम्ही जमिनीवर. मोटरसायकलचंही तेच होतं, फक्त ती अंगावर पडली तर जास्त लागतं. शिवाय तिचं फक्त मागचं चाक ढकलतं. पुढचं चाक नुसतं ढकललं जातं. मागचं चाक एकाच जागी फिरायला लागलं की ते स्वतःसाठी खड्डा खणतं. तुम्ही जितका जास्त जोर द्याल, तितका खड्डा खोल.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात सैन्यांना याचा अनुभव आला. जर्मन सैन्याकडे बीएमडब्ल्यूची आर-७५ आणि झुंडापची केएस-७५० अशा दोन जड मोटरसायकली होत्या. दोन्हींना बाजूला साइडकार जोडलेली. ‘शोले’मधल्या जय-वीरूची जोडगाडी आठवते ना, तसाच प्रकार. पण या गाड्यांत एक खास गोष्ट होती. साइडकारचं चाक नुसतं सोबत फिरत नव्हतं. इंजिनाची ताकद त्यालाही मिळत होती. तीन चाकांपैकी दोन चाकं ढकलणारी. शिवाय उलटं जाण्यासाठी रिव्हर्स गिअर. वाळू इंजिनात जाऊ नये म्हणून पुढे हवेची गाळणी वर, पेट्रोलच्या टाकीवर नेऊन बसवली. माणूस धुळीत नाकाला रुमाल बांधतो, तसंच काहीसं.

अमेरिकन सैन्यालाही वाळवंटात चालेल अशी मोटरसायकल हवी होती. हार्ले-डेव्हिडसनने १९४२ साली एक्सए नावाची गाडी बनवली. तुम्ही आज रस्त्यावर पाहता त्या हार्लेसारखी ती अजिबात नव्हती. तिच्या इंजिनाचे दोन सिलिंडर डावी-उजवीकडे बाहेर आलेले होते, म्हणजे दोघांनाही वारा लागून ते थंड राहावेत. आणि मागचं चाक फिरवायला साखळीऐवजी बंद नळीतला लोखंडी दांडा होता, कारण साखळीत वाळू गेली की साखळी झिजते. थोडक्यात, ती शत्रूच्याच बीएमडब्ल्यूची नक्कल होती. अशा सुमारे १,००० गाड्या झाल्या आणि काम थांबलं. तोपर्यंत जीप आली होती. जीपला चार चाकं होती, ती पडत नव्हती आणि तीत चार माणसं बसत होती.

त्याच युद्धातलं आणखी एक विचित्र वाहन म्हणजे जर्मनीच्या एनएसयू कंपनीचं केटेनक्राड. पुढून पाहिलं तर मोटरसायकल: एक चाक, हँडल, मधे चालवणारा. मागून पाहिलं तर छोटा रणगाडा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टे. आठ हजारांहून जास्त केटेनक्राड बनले. रशियाच्या चिखलात, जिथे बाकी सगळं रुतत होतं, तिथे ते चालत राहिलं. युद्ध संपल्यावर काही वर्षं शेतकऱ्यांसाठीही बनवलं गेलं. आता याला तीनचाकी म्हणायचं की नाही, ते तुम्ही वर्गात ठरवा. माझं मत ‘नाही’ असं आहे.

अमेरिकेत पुढे रोकॉन नावाची मोटरसायकल आली. तिची दोन्ही चाकं इंजिनाला जोडलेली असतात. टायर ट्रॅक्टरसारखे जाड. आणि चाकं आतून पोकळ! त्यांत पाणी किंवा जादा पेट्रोल भरून नेता येतं. रिकामी ठेवली, तर गाडी पाण्यात टाकल्यावर तरंगते. वेग मात्र बेताचा. ही गाडी आजही बनते, आणि शिकारी, शेतकरी, जंगलात काम करणारे लोक ती घेतात.

दोन्ही चाकं ढकलणारी मोटरसायकल वाळवंटात सगळ्यांनीच घ्यायला हवी होती, नाही का? पण तसं झालं नाही. अबुधाबीत १९९१पासून वाळवंटातली मोठी शर्यत होते, आज तिला ‘अबुधाबी डेझर्ट चॅलेंज’ म्हणतात. तिच्यातल्या मोटरसायकली पाहिल्यात तर बहुतेक सगळ्या साध्याच, मागचं एक चाक ढकलणाऱ्या. फरक चालवणाऱ्यात असतो. तो सीटवर बसत नाही, पायांवर उभा राहतो, वजन थोडं मागे ठेवतो म्हणजे पुढचं चाक हलकं होऊन रुतत नाही, आणि वेग सोडत नाही. सॅम संडरलंड हा इंग्लंडचा तरुण दुबईत राहायला आला आणि इथल्या टेकड्यांवर हे शिकला. २०१७ साली त्याने डाकार रॅलीची मोटरसायकलची शर्यत जिंकली आणि २०२२ साली पुन्हा जिंकली. त्याच्याआधी इंग्लंडच्या कोणालाच ती जिंकता आली नव्हती. इंग्लंडच्या पावसात वाळूच्या टेकड्या कुठून आणणार!

एक दुचाकी तर चंद्रावरही गेली आहे. फेब्रुवारी १९७१मध्ये अपोलो-१४चे अंतराळवीर अॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल यांनी सामान वाहायला एक दोन चाकांची हातगाडी नेली होती. चंद्राच्या मातीला लागलेले हे पहिले हवेचे टायर. हवेचे म्हणजे नायट्रोजन वायूचे, आणि दाब किती? साधारण दीड पीएसआय. टायर मऊ होते, तरी चढावर ती धूळ इतकी जड गेली, की शेवटी काही ठिकाणी दोघांनी गाडी उचलूनच नेली. या गाडीला अंतराळवीर काय म्हणायचे, माहीत आहे? ‘रिक्षा’.

तीन चाकांवर

रिक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तीन चाकं येतात. पण मूळ रिक्षा दोनच चाकांची आणि माणसाने ओढायची. शब्द जपानी आहे: जिन-रिकी-शा. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे ताकद, शा म्हणजे गाडी. मराठीत येईपर्यंत त्यातला ‘जिन’ गळून गेला. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे तिथल्या लाल मातीच्या रस्त्यांवर माणसांनी ओढायच्या रिक्षा पार आपल्या काळापर्यंत चालल्या.

‘टेम्पो’ हा शब्दही असाच. आज सामान नेणाऱ्या कुठल्याही छोट्या ट्रकला आपण टेम्पो म्हणतो. “घर बदलायचंय, टेम्पो सांगितलाय.” पण टेम्पो हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाड्यांचं नाव होतं. १९५८ साली फिरोदियांनी त्या कंपनीबरोबर बजाज टेम्पो सुरू केली आणि तिची तीनचाकी गाडी इथे बनायला लागली. पुढे एकच चाक, इंजिनही पुढे, आणि तेच चाक गाडी ओढायचं. ती गाडी आता दिसत नाही. नाव मात्र राहिलं, तेही चारचाकीला.

तीन चाकांचा एक मोठा फायदा आहे आणि तो आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून होता. चुलीला दगड किती? तीन. तिवईला पाय किती? तीन. जमीन कितीही वर-खाली असो, तीन पाय तिन्ही टेकतातच. चार पायांचं टेबल डगमगतं आणि मग आपण एका पायाखाली कागदाची घडी घालतो. म्हणजे खडबडीत जमिनीवर तीन चाकं चांगली, असं कोणालाही वाटेल.

होंडा कंपनीच्या ओसामू ताकेउची या इंजिनिअरलाही तसंच वाटलं. अमेरिकेतल्या होंडाच्या दुकानदारांची एक तक्रार होती: हिवाळ्यात मोटरसायकली कोणी घेत नाही, आम्हाला बर्फात चालेल असं काहीतरी द्या. ताकेउची यांनी दोन, तीन, चार, पाच, सहा चाकांचे नमुने करून पाहिले. छोट्या इंजिनाला तीन चाकंच बरी पडली. १९७० साली गाडी बाजारात आली आणि लवकरच तिचं नाव एटीसी-९० असं झालं. इंजिन ८९ सीसीचं, म्हणजे आपल्या आजच्या स्कूटरपेक्षाही लहान. किंमत ५९५ डॉलर. आणि टायर? फुग्यासारखे गोल, आत जेमतेम दोन-अडीच पीएसआय दाब. तुम्ही दोन्ही पायांवर सरळ उभे असता तेव्हा तळव्यांखाली जवळपास तेवढाच दाब पडतो. गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. धक्के टायरच खायचे. बर्फ, चिखल, दलदल, वाळू, कुठेही ती वरच्या वर जायची.

गाडी प्रचंड लोकप्रिय झाली. १९७१ सालच्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ या चित्रपटात जेम्स बाँड तिच्यावर बसून अमेरिकेतल्या वाळवंटातून पळताना दिसतो. दुसऱ्या कंपन्यांनीही तीनचाकी आणल्या. इंजिनं मोठी होत गेली, वेग वाढत गेला. शेतकऱ्याच्या उपयोगाची गाडी हळूहळू सुट्टीतलं खेळणं झाली आणि तिच्यावर मुलं बसायला लागली.

आता एक चित्र काढा. कागदावर तीन चाकांसाठी तीन ठिपके द्या आणि ते जोडा: त्रिकोण झाला. शेजारी चार ठिपके जोडा: आयत झाला. गाडीचं आणि माणसाचं वजन जोपर्यंत या आकृतीच्या आत आहे, तोपर्यंत गाडी उभी राहते. बाहेर गेलं की कलंडते. त्रिकोण पुढे निमुळता आहे. वळताना ब्रेक मारला तर वजन पुढे आणि बाहेरच्या बाजूला ढकललं जातं, म्हणजे नेमकं जिथे आकृती अरुंद आहे तिथे. पुण्यात रिक्षावाल्याने झपकन वळण घेतलं की आपण दांडी का धरतो, ते आता कळलं ना?

एटीसीत आणखी एक अडचण होती. मोटार वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, म्हणून ते जास्त वेगाने फिरतं. पण या गाडीची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली होती, त्यामुळे दोन्ही एकाच वेगाने फिरायची. हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायला बघायची. तिला वळवायचं तर अंग नेमकं झुकवून आतल्या चाकावरचा भार कमी करावा लागे. हे शिकायला वेळ लागतो, आणि अंगात वजन लागतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे दोन्ही कमी.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट सायकलीमुळे व्हायची. सायकल कलायला लागली की आपण काय करतो? पाय खाली टेकतो. विचार न करता, आपोआप. तीनचाकीवरही मुलं तेच करायची. गाडी कलली की पाय खाली; आणि मागचं जाड चाक त्याच पायावर चढायचं. जी सवय सायकलवर वाचवते, तीच इथे पाय मोडायची.

अमेरिकेत शेकडो लोक या गाड्यांवर, तीनचाकींवर आणि नव्याने आलेल्या चारचाकींवर, मरण पावले. त्यांतली कितीतरी सोळा वर्षांखालची मुलं होती. शेवटी सरकार कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेलं. १९८८ साली कोर्टाने तडजोड मान्य केली: होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस यांनी नवीन तीनचाकी विकणं बंद करायचं, गाडी घेणाऱ्याला फुकट शिकवायचं, आणि मोठ्या गाड्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत हे सांगायचं. २००८ साली तिथे कायदाच झाला आणि नवीन तीनचाकींची विक्री थांबली ती थांबलीच.

ताकेउची यांची गाडी वाईट होती, असं मी म्हणणार नाही. न रुतण्याचं काम तिने उत्तम केलं. पण न रुतणं आणि न कलंडणं ही दोन वेगळी कामं आहेत. बर्फातल्या वाटेवर हळू जाणाऱ्या मोठ्या माणसासाठी केलेली गाडी जाहिरातींतून सगळ्या घरादाराची मौज म्हणून विकली, तिथे चूक झाली.

मग बदायरला काय दिसतं?

आज बदायरला भाड्याने मिळतात त्या चार चाकांच्या क्वाड बाइक. सुझुकीने १९८२ साली आपली पहिली क्वाड आणली आणि काही वर्षांत तीनचाकी मागे पडली. चार ठिपक्यांचा आयत त्रिकोणापेक्षा बरा, हे खरं. टायर मात्र त्याच फुगेवाल्या घराण्यातले.

पण चार चाकं आहेत म्हणून क्वाड उलटत नाही, असं समजू नका. वाळूच्या टेकडीला दोन बाजू असतात. ज्या बाजूने वारा येतो ती बाजू सपाट, हळूहळू चढणारी आणि घट्ट. पलीकडची बाजू मऊ आणि तीव्र उताराची, साधारण ३४ अंशांपर्यंत. कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही, घसरून खाली येते. तुम्ही सोप्या बाजूने वेगात वर येता आणि माथ्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही. तिथे उतार असेल, खड्डा असेल, किंवा समोरून दुसरी क्वाड येत असेल. म्हणूनच इथल्या क्वाडना मागे लांब काठी आणि तिच्या टोकाला भडक रंगाचा झेंडा असतो. माणूस दिसण्याआधी झेंडा दिसतो. झेंडा नसलेली गाडी कोणी देऊ लागलं, तर घेऊ नका. हेल्मेट डोक्याला ढिलं होत असेल, तरी घेऊ नका. आणि “काही होत नाही हो, पोरं चालवतात” असं कोणी म्हणालं, तर त्या ५९५ डॉलरच्या गाडीची गोष्ट आठवा. दुबईत क्वाड डांबरी रस्त्यावर आणायला मनाई आहे, तीही याच कारणाने: मऊ टायर आणि घट्ट दांडा हे वाळूसाठी असतात, टणक रस्त्यावर गाडी पटकन कलंडते.

इंजिन नको असेल, तर जाड टायरची सायकल आहेच. तिला फॅट बाइक म्हणतात. तिची एक शाखा अलास्काच्या बर्फात वाढली, दुसरी अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळूत, आणि २००५ साली सर्ली कंपनीची पग्सली बाजारात आल्यावर ती दुकानांत दिसायला लागली. तिच्या टायरमध्येही दहा पीएसआयपेक्षा कमी हवा ठेवतात. दुबईजवळ कुद्राला ८० किलोमीटरहून लांब सायकलचा रस्ता वाळवंटातून जातो. त्याच्यावर साधी सायकल चालते. रस्ता सोडून वाळूत उतरायचं असेल, तर जाड टायर लागतात. पहिल्या दहा मिनिटांत मांड्या भरून येतात, हे आधीच सांगून ठेवते. पडलात तर मात्र वाळू मऊ असते, आणि पाय टेकायची सवय इथे कामाची.

सराव

१. “अंगठ्याचा पंजा होतो” असं पाठात म्हटलं आहे. टायरच्या बाबतीत त्याचा अर्थ काय? तुम्ही सुरुवातीला वहीत लिहिलेलं वाक्य आता बरोबर वाटतं का?

२. रिकाम्या जागी रुतणे, घसरणे, कलंडणे, उलटणे यांपैकी योग्य क्रियापदाचं रूप घाला.
बैलगाडीचं चाक चिखलात ______. केळ्याच्या सालीवरून काकांचा पाय ______. ट्रक इतका भरला होता की वळणावर एका बाजूला ______. होडी लाटेने ______ आणि तळ वर आला.

३. हार्लेच्या एक्सए गाडीत साखळी का नव्हती? पाठात सांगितलेलं कारण तुमच्या शब्दांत लिहा.

४. ‘हवा काढणे’चे दोन अर्थ पाठात आले. दोन्ही अर्थांनी एकेक वाक्य करा.

५. बोला: तुमचा लहान मावसभाऊ नागपूरहून दुबईला आला आहे. त्याला क्वाड चालवायची आहे, पण तो दहा वर्षांचा आहे. तो रुसला आहे. त्याला मराठीतून समजवा. ‘नाही म्हणजे नाही’ असं म्हणायचं नाही, कारण सांगायचं. जोडीदार घेऊन हा संवाद करा. मग भूमिका बदला.

६. आजी-आजोबांना फोन करून विचारा: त्यांच्या लहानपणी खराब रस्त्यावरून सामान कशाने न्यायचे? बैलगाडी, घोडा, तीनचाकी टेम्पो, की डोक्यावरून? त्या वाहनाचं नाव, त्याला किती चाकं होती आणि ते कधी, कुठे रुतलं होतं, हे आठ-दहा वाक्यांत लिहून आणा.